गणिताची उजळणी सावधान-विश्रामपासून करा

ज्या मुलाला ९३६ भागिले ९ करता येत नाही, त्याच्या हातात मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका ठेवून "सोडव, उजळणी कर" म्हणणारा माणूस त्याला फसवतो आहे. मग तो शाळेतला मास्तर असो, अकादमीचा मालक असो, नाहीतर युनिटमधला सीनियर. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण माझं हे लिखाण वाचणाऱ्यांत बरेच निवृत्त बांधव आहेत आणि त्यांतल्या कित्येकांनी गावी परतून भरती अकादमी काढली आहे. त्यांना राग येईल. येऊ दे. राग ओसरला की पुढचं वाचा.

सध्या पोस्टिंग तंजावूरला आहे. काम काय ते इथे लिहायचं नसतं. रविवारी आउटपास मिळाला की आम्ही राजवाड्याकडे जातो. नायक राजांनी बांधलेला आणि पुढे व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांच्या ताब्यात असलेला हा वाडा. दरबार हॉल, घंटेचा मनोरा, सरस्वती महाल ग्रंथालय, सगळं एकाच आवारात. सावली असते, बसायला पायऱ्या असतात. माझ्याबरोबर दोन अग्निवीर येतात, एक जतचा, एक देगलूरकडचा. जतवाल्याची चार वर्षं पुढच्या वर्षी पुरी होतात. फार तर २५ टक्के पोरांना पुढे ठेवून घेतात, बाकीचे घरी. पोरगा पळण्यात पुढे, फायरिंगमध्ये पुढे. पण घरी जावं लागलं तर पोलीस भरती द्यायची, आणि तिथल्या लेखी परीक्षेत चार विषयांतला एक अंकगणित. चार वर्षं देशाला दिलेला मुलगा अपूर्णांकांच्या बेरजेवर अडकून घरी बसणार असेल, तर ती लाज त्याची नाही. म्हणून आमची रविवारची शिकवणी चालते, आणि तिच्यातून जे दिसलं ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट, उजळणी हा शब्दच आपण विसरलो. आजोबांच्या काळी उजळणी म्हणजे अंक आणि पाढे. अंकलिपीचं पुस्तक उघडायचं, एकपासून म्हणायचं, ती उजळणी. आज उजळणी म्हणजे "महत्त्वाचे प्रश्न", "हमखास येणारे प्रश्न", "अपेक्षित प्रश्नसंच". जे कधी शिकलंच नाही त्याची उजळणी होत नसते. ज्याला अपूर्णांक कळला नाही तो शेकडेवारीची पन्नास गणितं बघून काढेल, उत्तरं पाठ करेल, आणि पेपरात आकडे बदलून आले की बसल्या जागी घामाघूम होईल. मग घरचे म्हणतात, एवढा अभ्यास केला तरी येत नाही, याचं डोकंच गणिताचं नाही. अभ्यास केला हे खरं. पण तो चौथ्या मजल्यावर उभा राहून केला, आणि खाली दुसरा मजला बांधलेलाच नव्हता.

आता माझ्या निवृत्त बांधवांना विचारतो. आपण रिक्रूट म्हणून सेंटरला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी उस्तादांनी आपल्याला कसम परेडची कवायत करायला लावली होती का? सावधान, विश्राम. पुन्हा सावधान, पुन्हा विश्राम. मग दाहिने मुड, तेही "गिनती से". एक म्हटलं की एवढंच करायचं, दोन म्हटलं की पुढचं. कुणाचा हात आणि पाय एकाच बाजूचा निघाला तर त्याला बाजूला घेऊन पुन्हा गिनती से. त्यात कमीपणा कोणी मानला नाही. बारावी झालेला पोरगासुद्धा आठ-आठ दिवस सावधान-विश्राम करत होता. फौजेला हे पक्कं माहीत आहे की मोठी हालचाल तुटते ती नेहमी तिच्या छोट्या तुकड्यात. जी फौज चालायला शिकवताना इतकी शहाणी असते, त्याच फौजेतून निवृत्त झालेला माणूस गणित शिकवायला बसला की थेट शेवटच्या परेडपासून सुरुवात कशी करतो?

माझ्या पुतण्याचं उदाहरण देतो. आमच्या भागातल्या एका भरती अकादमीत तो वर्षभर होता. पहाटेचं पळणं उत्तम, जेवण ठीक, फी भरभक्कम. सुट्टीत गेलो तेव्हा त्याने मला मोठ्या उत्साहाने ट्रिक दाखवली. ९७ गुणिले ९६. शंभराला तीन कमी, चार कमी, ९७ मधून ४ गेले ९३, तीन चोक बारा, उत्तर ९३१२. चार सेकंदात. मी म्हटलं, शाब्बास, आता ४७ गुणिले ३६ कर. तो थांबला. मग म्हणाला, "काका, ही ट्रिकमध्ये बसत नाही." कागदावर मांडून गुणाकार कर म्हटलं तर दुसऱ्या ओळीत एक घर सोडायचं असतं हे त्याला आठवेना. का सोडायचं हे तर त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. वर्षभराची फी घेऊन त्या पोराला टाळ्या मिळवायला शिकवलं, गुणाकार नाही शिकवला. ट्रिक वाईट नसते. ज्याला गुणाकार येतो त्याचा ती वेळ वाचवते. ज्याला येत नाही त्याचं भोक ती झाकते, आणि झाकलेलं भोक कोणी बुजवत नाही.

दुसरा सल्ला तर याहून वाईट: "गणित सोडून दे, सामान्य ज्ञानावर मार्क काढ." अग्निवीर जनरल ड्युटीच्या लेखी परीक्षेचा साचा बघा. ५० प्रश्न, १०० गुण, त्यात १५ प्रश्न गणिताचे. म्हणजे ३० गुण पेपर उघडण्याआधीच टाकून द्यायचे. एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे आहेत. कुठला कमांडर लढाई सुरू होण्याआधी तिसरा हिस्सा मोर्चा सोडून देतो?

मग करायचं काय? रायफल झिरो करताना आपण आधी गोळ्यांचा ग्रुप कुठे पडतो ते बघतो आणि मगच साइटला हात लावतो. तसंच आधी बघायचं की पोराचं नेमकं तुटतं कुठे. मी दहा प्रश्नांचा एक कागद केला आहे. घड्याळ लावत नाही, गुण देत नाही.

१) ७ गुणिले ८.
२) ५०३ वजा २७८.
३) ९३६ भागिले ९.
४) पाऊण अधिक एक षष्ठांश.
५) ०.३ गुणिले ०.२.
६) उणे ५ मधून ३ वजा.
७) २४० चे १५ टक्के.
८) १:५०,००० च्या नकाशावर ७ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर किती?
९) दोन क्ष अधिक ५ बरोबर १७, तर क्ष किती?
१०) बेअरिंग २३५ अंश, तर बॅक बेअरिंग किती?

उत्तरं अनुक्रमे ५६, २२५, १०४, अकरा द्वादशांश, ०.०६, उणे ८, ३६, साडेतीन किलोमीटर, ६, आणि ५५ अंश. शेवटच्या उत्तराला १८० वजा करण्यापलीकडे काही लागत नाही. नकाशावाचनात नापास होणारे कित्येक जण नकाशात नापास होतच नाहीत, ते तिसरीच्या वजाबाकीत नापास होतात. दहापैकी किती बरोबर आले याला माझ्या लेखी किंमत नाही. पहिला प्रश्न कुठला चुकला, ते बघायचं. तिथून सुरुवात. पाचवा चुकला आणि सातवाही चुकला, तर सातव्याला हात लावायचा नाही. आणि उत्तर चुकलं तर नुसती फुली मारायची नाही, कसं केलं ते विचारायचं. ९३६ भागिले ९ चं उत्तर अनेक जण १४ लिहितात. नऊ एके नऊ, तीनला भाग जात नाही, सहा खाली घेतला, छत्तीसला नऊ चोक. भागाकार येतो, पण भाग जात नाही तिथे शून्य लिहायचं राहून गेलं. ही जखम अर्ध्या तासात बरी होते. पण ती शोधली नाही तर पोरगा दहा वर्षं "भागाकार येत नाही" असं स्वतःला सांगत राहतो.

अशी चाचणी ही काही माझी अक्कल नाही. मुंबईत सुरू झालेली 'प्रथम' संस्था 'असर' या पाहणीत देशभर घरोघरी जाऊन हेच करते. मूल कितवीत आहे याला महत्त्व नाही, अंक ओळखतं का, हातच्याची वजाबाकी करतं का, तीन अंकी संख्येला एका अंकाने भागतं का, एवढंच बघायचं. ग्रामीण भारतातली आठवीची निम्म्याहून जास्त मुलं त्या भागाकारावर अडकतात, हे त्यांचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आहेत. म्हणजे तुमच्या अकादमीत रांगेत उभी असलेली अर्धी पोरं. आणि तुम्ही त्यांना चक्रवाढ व्याज शिकवताय. ज्या तमिळनाडूत मी बसलो आहे तिथल्या सरकारने २०२२ मध्ये 'एण्णुम एळुत्तुम' नावाची योजना प्राथमिक वर्गांसाठी आणली, कोविडमध्ये बुडालेलं भरून काढायला. एका वर्गातली मुलंसुद्धा त्यांच्या पातळीप्रमाणे वेगवेगळी शिकतील अशी तिची रचना. योजना किती यशस्वी झाली यावर वाद घाला, पण विचार बरोबर आहे: इयत्ता बघू नका, पायरी बघा.

आता जतच्या पोराकडे येतो, कारण त्याने मला एक धडा दिला. त्याच्या घरात कानडी बोलतात, शाळा मराठी. दहा प्रश्नांच्या आधी मी त्याला तोंडी संख्या सांगून लिहायला लावल्या. "एकोणसत्तर" म्हटलं, त्याने ७९ लिहिलं. "त्रेसष्ट" म्हटलं की पेन क्षणभर हवेत थांबायचं. मला वाटलं, इतका कच्चा? त्याच संध्याकाळी राजवाड्याजवळच्या दुकानात आम्ही फळं घेतली. दुकानदार म्हणाला, "अरुपत्ति मूणु." मी दोन वर्षं दक्षिणेत असून बोटं मोजत होतो, याने साठ रुपये आणि वर तीन रुपये काढून दिलेसुद्धा. कानडीत त्रेसष्टला अरवत्तमूरु म्हणतात, तमिळमध्ये अरुपत्ति मूणु. दोन्हीकडे साठ आधी, तीन नंतर. जसं लिहायचं तसंच बोलायचं. मराठीत तीन आधी ऐकू येतो आणि साठ नंतर, लिहायचं मात्र उलटं. एकोणसत्तरमध्ये तर ऐकू येतो सत्तर आणि लिहायचे असतात साठ. पोरगा कच्चा नव्हता. त्याच्या कानात दोन भाषांची भांडणं चालू होती आणि दहा वर्षांत कोणा मास्तरला ती ऐकू आली नाहीत.

२०१९ आठवतंय? बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या "साठ तीन", "वीस एक" अशाही वाचायला दिल्या तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. मराठी बुडाली म्हणून लोक ओरडले, विनोदांचा पूर आला. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्ष असलेल्या मंगला नारळीकरांनी शांतपणे समजावलं की जोडाक्षरांच्या या संख्या लहान मुलांना जड जातात आणि दक्षिणेतल्या भाषा दशक आधी बोलतात. ऐकायला कोणाला वेळ नव्हता. मला त्रेसष्ट आणि एकोणसत्तर प्रिय आहेत, ती आपली भाषा आहे, ती जाऊ नये. पण जो पोरगा त्या शब्दावर अडकला आहे त्याला एक महिना "साठ तीन" म्हणू दिलं तर मराठीचं काय बिघडतं? पांगळ्याची कुबडी काढून घेऊन "सरळ चाल" म्हणणं याला भाषाप्रेम म्हणत नाहीत. जतच्या पोराला मी सांगितलं, कानडीत ऐक, अंकात लिही, मग मराठीत वाच. तीन रविवारात त्याचा ६९ आणि ७९ चा घोळ मिटला.

काही जण लगेच म्हणतील, हे सगळे लाड आहेत, पूर्वी घोकंपट्टी होती म्हणून गणित पक्कं होतं. काही जण उलटं म्हणतील, घोकंपट्टीनेच गणित मारलं. दोघांनाही तंजावूरच्या बाजारातून फिरवून आणावंसं वाटतं. इथे अजून काल किलो, अरै किलो, मुक्काल किलो असं मागतात. पाव, अर्धा, पाऊण. जुन्या तिण्णै शाळांत, म्हणजे घराच्या ओसरीवर भरणाऱ्या शाळांत, पोरं अपूर्णांकांचेही पाढे म्हणत. विसावा भाग म्हणजे मा, त्याचा पाव म्हणजे काणी, ऐंशीवा भाग, आणि काणीचा पाव म्हणजे मुंदिरी, तीनशेविसावा भाग. मा हे जमिनीचंही माप होतं, एका वेलीचे वीस मा. म्हणजे पोरगा पाढा म्हणत असताना त्याच्या डोळ्यांसमोर शेत असायचं.

आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. "औट घटकेचं राज्य" म्हणताना आपल्याला ते माहीतही नसतं. आज अपूर्णांक म्हटलं की तोंड कडू करणारा पोरगा उठताबसता सव्वादोन, दीडशे, अडीच हजार बोलत असतो. त्याला सांगा, दीड म्हणजे तीन द्वितीयांश, सव्वा म्हणजे पाच चतुर्थांश, तुझ्या तोंडात अपूर्णांक आधीच आहेत, फक्त कागदावर उतरव. देगलूरच्या पोराला पाऊण अधिक एक षष्ठांश जमत नव्हतं. रुपयाऐवजी बारा आण्यांसारखे बारा भाग कर म्हटलं. पाऊण म्हणजे बारातले नऊ, षष्ठांश म्हणजे बारातले दोन, झाले अकरा. समच्छेद या शब्दाला घाबरलेला पोरगा समच्छेद करून मोकळा झाला. पाठांतर हवंच. पण ज्याला धरायला हाताशी वस्तू आहे असं पाठांतर.

आणखी एक भूत उतरवायचं आहे: गणिताला डोकं लागतं. इथून चाळीसेक किलोमीटरवर कुंभकोणम. श्रीनिवास रामानुजन तिथे वाढले, शिकले. आपल्याकडे त्यांचं नाव निघतं ते पोरांना खाली बघायला लावायला. अरे, तो बघ, आणि तू बघ. रामानुजन यांच्यासारखा माणूस शतकातून एखादा होतो, हे मान्य. पण तोही कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात बाकीच्या विषयांत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गमावून बसला. परीक्षा माणसाच्या डोक्याचं वजन करत नाही, त्या दिवशी त्या कागदावर काय जमलं तेवढंच बघते. भरतीच्या पेपरात रामानुजन लागत नाही. त्या पेपरात लागतो तो सातवी-आठवीपर्यंतचा हिशेब, तोही न घाबरता करता येणारा. तो कोणालाही येऊ शकतो.

घाबरण्याचं मूळ लाजेत आहे. वीस वर्षांच्या जवानाला तिसरीची वजाबाकी करायला सांगितली की तो आधी आजूबाजूला बघतो. ही लाज घालवायला मी त्यांना ज्याच्या वाड्यात बसतो त्या दुसऱ्या सरफोजी राजांची गोष्ट सांगतो. १७७७ चा जन्म, तुळजाजी राजांनी दत्तक घेतलेला मुलगा. तुळजाजी गेले, गादीवर अमरसिंग आले, आणि या पोराच्या शिक्षणाची पार हेळसांड झाली. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याने मद्रासच्या कंपनी सरकारकडे तक्रारी केल्या, पुढे त्याला मद्रासला हलवलं, तेव्हा कुठे शिक्षण मार्गी लागलं. उशिरा पायरी धरलेला हा मुलगा १७९८ मध्ये गादीवर आला आणि सरस्वती महालला आज जे नाव आहे ते मुख्यतः त्याच्यामुळे. त्याने शाळा काढल्या, वाड्यात देवनागरी छापखाना काढला, आणि १८०६ च्या सुमारास त्यातून इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. जगाचा भूगोल सांगणारं मराठी नाटक लिहिलं. राजाने छापखाना काढला आणि लहान पोरांना वाचता येईल असं पुस्तक छापलं, यातच सगळं आलं. खालच्या पायरीला तो लाजला नाही.

आमच्या सरकारांचं मात्र उलटं चाललंय. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या अभ्यासक्रम आराखड्यात असं मांडलं गेलं की दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी अकरावीला जाता येईल, फक्त गुणपत्रिकेवर शेरा येईल की पुढे या विषयांकडे जाता येणार नाही. हेतू समजतो. एका विषयापायी पोराचं शिक्षण थांबू नये, हे मलाही पटतं. पण ३५ च्या जागी २० केल्याने पोराला भागाकार येत नाही. दार रुंद केलं, पायरी तशीच तुटकी. आणि पुढे पोलीस भरतीच्या पेपरावर, बँकेच्या कर्जाच्या कागदावर, ठेकेदाराच्या हिशेबात कुठेही असा शेरा चालत नाही. तिथे ज्याला हिशेब येत नाही तो लुटला जातो.

तर महिनाभराची योजना सांगतो, तीस दिवस धरून. "वेळ कमी आहे, खालून सुरू केलं तर सिलॅबस कधी संपेल?" हा आक्षेप मला पाठ आहे. उत्तर सोपं आहे: वरून सुरू करून सिलॅबस मागच्या वेळी संपला होता, आणि पोरगा तरी नापास झाला. खालून सुरू केलं तर अर्धाच होईल, पण तो अर्धा त्याचा स्वतःचा असेल.

पहिले आठ दिवस: पाढे, हातच्याची वजाबाकी, भागाकार. पाढे बारापर्यंत पक्के, उलटसुलट विचारून. वजाबाकीसाठी मी कापरेकरांचा खेळ देतो. दत्तात्रय कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. तोफखान्यातल्या मित्रांनो, तुमचंच देवळाली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतंच, आणि एकदा आलं की तेच येत राहतं. सात वजाबाक्या होऊनही आलं नाही तर वाटेत कुठेतरी हातचा चुकला. मास्तर शेजारी नसला तरी चूक सापडते. बॅरकमध्ये रात्री एकट्याने करता येण्यासारखा याहून चांगला सराव मला माहीत नाही.

पुढचे आठ दिवस: अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी, याच क्रमाने. १५ टक्के काढायला सूत्र नको. २४० चे १० टक्के २४, त्याचे निम्मे १२, मिळून ३६. त्यापुढचे सहा दिवस: गुणोत्तर आणि प्रमाण. नकाशा घ्या, रेशन घ्या. वीस माणसांना अमुक पीठ तर पस्तीस माणसांना किती, हे लंगरमधला स्वयंपाकी रोज करतो. मग शेवटचे आठ दिवस जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. प्रश्नपत्रिकांना माझा विरोध नाही. त्यांची जागा शेवटी आहे, एवढंच.

रोज चाळीस मिनिटं पुरतात, पण रोज. पहिली दहा मिनिटं कालचं, वही न बघता. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून लिहिलेलं जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवलं. मग वीस मिनिटं नवीन पायरी. शेवटची दहा मिनिटं चुकांची वही: कुठे चुकलं, का चुकलं, एका ओळीत. आणि जो काल शिकला त्याने आज दुसऱ्याला शिकवायचं. ओसरीवरच्या शाळांत मोठी पोरं लहानांना अशीच शिकवत. मद्रासमध्ये सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेलने ही रीत उचलून इंग्लंडला नेली आणि तिथे ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. फौजीच्या पोरांसाठी वापरलेली आपल्याच मातीतली रीत. ती फौजीनेच विसरावी?

शेवटी पुन्हा माझ्या निवृत्त बांधवांना. तुमच्या अकादमीच्या फलकावर शंभर टक्के निकालाची हमी लिहिलेली असते. ती पुसा, असं मी म्हणत नाही. नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी, पळायला नेण्याआधी, वरचे दहा प्रश्न द्या. ज्याचं जिथे तुटतं तिथे त्याला बसवा. बारावी पास पोरगा पाढे म्हणत बसला आणि कोणी हसलं, तर हसणाऱ्याला ग्राउंडला दोन चक्कर. शिकवायला गणिताचा प्राध्यापक नको. ज्या हवालदाराने शेकडो रिक्रूटांना गिनती से दाहिने मुड शिकवलं, त्याच्याइतकं हे काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही. आपल्याकडे संयम आहे, आवाज आहे, आणि एकाच गोष्टीची शंभर वेळा पुनरावृत्ती करायची सवय आहे.

आणि ज्याची परीक्षा महिन्यावर आली आहे त्या पोराला: आज रात्री दहा प्रश्न सोडव. पहिला चुकलेला जिथे असेल तिथे उद्या सकाळी उभा राहा. सावधान. तिथूनच सुरुवात.

जय हिंद.